जिन्यातल्या खिडकीतला माणूस

खोटं वाटलं तर वाटू द्या, मी काही सांगायचा थांबत नाही. काचवाली पोर भर दुपारी रंगीत काचेचं तावदान दोन्ही हातांत धरून रस्ता ओलांडत होती. त्यातून पलीकडचं सगळं दिसत होतं... लाल सायकली, हिरवी कुत्री, जांभळा पोस्टमन. समोरून येणारा तरुण तेवढा दिसत नव्हता. म्हणून ती थेट त्याच्यावर आदळली.

"अहो, दिसत नाही का?"

"नाही ना!" म्हणत तिने तावदान खाली घेतलं, आणि थबकली.

नाक, ओठ, कपाळावरची ती हट्टी बट, सगळं ओळखीचं. ओळखीचं म्हणजे तिनेच काढलेलं! एका बाईंनी फोटो दिला होता, जिन्याच्या खिडकीवर भाच्याचं चित्र हवं म्हणून. तो चेहरा रंगवताना, भट्टीत भाजताना, शिशाच्या पट्ट्यांत बसवताना ती त्याच्याशी इतकं काही बोलली होती, की आता तो पुढ्यात उभा राहिल्यावर तिला चक्क लाज वाटली.

"असं काय बघताय?"

"तुमची सावली..."

सगळ्यांच्या सावल्या काळ्या. याची निळी-पिवळी, आणि मधून काळ्या रेघा गेलेल्या.

"हल्ली अशीच पडते," सर्दी झाल्याचं सांगावं तसं तो म्हणाला. "आरशातही दिसत नाही मी. दाढी अंदाजाने करतो. हनुवटी बघा ना!"

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"त्यांनी छातीवर बोटं वाजवून पाहिली. पेल्यासारखी किणकिण झाली. घाबरून त्यांनी माझ्याकडेच पाणी मागितलं."

ती खुदकन हसली. मग तिने त्याचा हात हातात घेतला आणि हसू विरलं. हात खिडकीच्या काचेसारखा गार होता, अन् ऊन त्यातून आरपार जात होतं.

"तुमच्या घरी चला. आत्ता."

"ओळख झाली नाही तोच घरी?"

"ओळख जुनी आहे. तुम्हाला माहीत नाही, एवढंच."

त्याच्या आत्याने, म्हणजे फोटो देणाऱ्या त्याच बाईंनी, घर काचेने मढवलं होतं. दारांवर काचेचे मोर, दिव्यांना काचेची द्राक्षं, कपाटांवर काचेची लिंबं. फरशीभर रंगीत उजेडाचे तुकडे सांडलेले. दोघं आत आली, तसे ते तुकडे सरकत सरकत त्याच्या पावलांकडे निघाले.

जिन्याच्या खिडकीत काचेतला तो खुर्चीवर बसला होता. गालांवर ताजी लाली. तोंडापुढची काच धुरकट व्हायची, निवळायची, पुन्हा धुरकट व्हायची... श्वास घेत होता तो!

"हा डोळा मी असा सोडला नव्हता," काचवाली पुटपुटली. "जिवंत माणूस रंगवला, की एका बुबुळात ठिपकाभर काच आम्ही कोरी ठेवतो. त्याला बाहेर यायला वाट हवी ना. तो ठिपका कोणी भरला?"

"मी भरला," जिन्याच्या वरच्या पायरीवरून आत्या म्हणाली. "मला वाटलं, विसरलीस. घरात नेलपॉलिश होतं, लावलं."

"आत्या!"

"ओरडू नकोस. परगावची नोकरी धरलीस ना तू? म्हटलं, खिडकीत तरी पुरता घरी राहशील."

"तिकडे पुरता झालाय," काचवाली म्हणाली. "इकडे किती उरलाय ते बघा."

आत्याने पाहिलं. भाच्याच्या खांद्यातून जिन्याचा कठडा दिसत होता. ती दोन पायऱ्या खाली आली.

"खरवड, बाई. जाऊ दे त्याला जायचं तिथे. माझं मी बघेन."

काचवालीने कमरेचं खरवडायचं पातं काढून ठिपक्यावर टेकवलं... आणि तिचाच हात अडला. खरवडलं की हा जाणार. नाही खरवडलं तर इथेच राहील, तिच्या हातचा, कधीच म्हातारा न होणारा. तेवढ्यात खिडकीतल्या त्याने पापणी हळूच मिटली, उघडली. विनवल्यासारखी.

तिने मन घट्ट करून पातं ओढलं.

घरातली काचन् काच एकदम शहारली. मग सगळं चिडीचूप. खिडकीत नुसती खुर्ची उरली होती, आणि जिन्यात तो धापा टाकत होता, घामाने भिजलेला, चांगला गरम.

"गाडी असेल तुमची," त्याच्याकडे न बघता ती म्हणाली. "जा मग."

"एकदा थांब म्हणा की."

"नाही म्हणणार. एकदा काचेत कोंडलंय तुम्हाला... पुरे झालं."

"रंगवलंत, भाजलंत, जोडलंत. आणि थांब म्हणायला जीभ अडते?"

"अडते." आवाज मात्र ओला झाला होता.

तो पायरीवर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"अहो, हे काय?"

"तू अडवलं नाहीस ना, म्हणून थांबतोय. आवडतेस तू मला."

वरून आत्या कडाडली, "बघा मेल्याला! मी काचेत घालून बसवला तर राहीना, आणि ही जा म्हणते तर बूट काढून बसलाय!"