आगाऊ तिकीट

साल एकोणीसशे त्र्याऐंशी. चैत्राची जत्रा होती आणि कार्ल्याच्या डोंगरावर पाय ठेवायला जागा नव्हती.

नवी मुंबईतल्या बोनकोडे गावची पुतळा लहानपणापासून दर वर्षी पालखीबरोबर एकवीरा आईला यायची. ओटी भरायची, नारळ फोडायचा आणि उतरायचं. देवळाला लागूनच बुद्धाचं एवढं मोठं लेणं, पण आत जायला तिकीट, तिकिटाला रांग, आणि रांगेत थांबायला घरच्यांना सवड नाही. "दगड काय बघायचा?" तिचे बाबा, देवजी, म्हणायचे. त्या वर्षी मात्र तिने मनाशी ठरवलं होतं, आज आत जायचंच.

खिडकीपुढची रांग पायऱ्यांवरून खाली वळली होती. ती टाचा उंचावून बघत होती, तेवढ्यात शेजारून कुणीतरी म्हणालं, "एक तिकीट जास्त आहे. पाहिजे?"

पांढरा शर्ट, कपाळावर घाम, आणि डोळे असे की जणू तिची रोजची ओळख.

"काळाबाजार करता काय?"

"फुकट देतोय. आईचं आहे. ती अर्ध्या पायऱ्यांवर बसली, म्हणाली, तूच जा."

"एवढ्या रांगेतून काढलंत?"

"गेल्या रविवारी येऊन काढून ठेवलं. खिडकीवरचा म्हणाला, असं आधी कुणी काढत नाही. मी म्हटलं, मग माझ्यापासून सुरू करा."

"फार आगाऊ आहात."

"आहेच... तिकीटपण आगाऊच आहे."

पुतळा हसली नाही. तिने त्याच्या हातातून तिकीट ओढलं आणि त्याच्या पुढे आत शिरली.

आत गारवा होता. बाहेरचे ढोल एकदम लांब गेले. वर छताला सागाच्या कमानी, दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेल्या, अजून तशाच. ती मान वर करून बघत राहिली आणि तो तिच्याकडे.

"आमचा बुद्ध आत, तुमची आई दारात," तो हळूच म्हणाला. "किती वर्षांचा शेजार... भांडण ऐकलंय कधी?"

तो काय सांगतोय ते तिला कळलं. आपण कोण, हे तो पहिल्याच भेटीत सांगून मोकळा झाला होता. तेही आगाऊच.

त्याचं नाव भगवान. गाव परभणीकडचं, राहायला तुर्भ्याला, नोकरी पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लेथवर. पुतळा पावण्यालाच औषधांची पाकिटं भरायची. दोघांच्या कारखान्यांमध्ये एकच भिंत होती.

"म्हणजे तो दिवसभरचा खरखराट तुमचा?"

"आजपासून हळू चालवीन."

मग वर्षभर तेच चाललं. मुंबईचं वस्तुसंग्रहालय असो की वसईचा किल्ला, भगवान आधी चौकशी करायचा, लागेल ते तिकीट काढून ठेवायचा, आणि दोनच काढायचा.

"मी येनार हे तुमाला कोनी सांगलं?"

"नाही आलात तर रिकाम्या जागेशी बोलेन. ती तरी उलटून बोलत नाही."

ती दर वेळी यायची.

पुढच्या वर्षी देवजींनी जासईचा कमळाकर बघितला. दोन ट्रक, पक्कं घर, आपल्यातला. पुतळा नाही म्हणाली. "तुला इचारत न्हाय, सांगतोय," देवजी म्हणाले. रविवारी सुपारी फोडायचं ठरलं.

तिने भिंतीपाशी भगवानला सांगितलं.

"रविवारी घारापुरीची लेणी बघू म्हणत होतो," तो म्हणाला. "लाँचच्या जागा मिळाल्या तर तुमच्या गल्लीतल्या दिनानाथशेठच्या दुकानावर फोन करतो. यायचं का नाही... ते तुम्ही ठरवा."

फोन आला. लाइन खराब होती, म्हणून दिनानाथशेठ ओरडून बोलत होते. फोन ठेवून ते त्याच आवाजात गल्लीत ओरडले, "पुतळे, पावन्याच्या भगवानचा फोन हाय! तुझी लेनी बुक झाली!"

नळावर बायका होत्या. बोनकोड्यात लेणी म्हणजे अंगावरची. गळ्यातली, हातातली, नवऱ्याकडची. संध्याकाळपर्यंत पावण्याच्या भगवानने पुतळाला सोनं केलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी ते सोनं जासईला पोचलं.

कमळाकरचे वडील ओटीवर येऊन बसले. त्यांनी पाणीही घेतलं नाही. "पोरीच्या अंगाला दुसऱ्याचं लेनं लागलंय म्हनतात. खरं काय ते कलूं दे."

"कुनाची लेनी गो?" देवजींनी विचारलं. "कोनी केली?"

विमलबाईंनी लेकीचा हात धरला. "सांग ना गो. तसं काय न्हाय म्हून सांग."

एवढंच सांगायचं होतं. सोनं नाही, दगडाची लेणी, सहलीची तिकिटं. सगळे हसले असते आणि रविवारी सुपारी फुटली असती. पुतळाने आईचा हात सोडवला.

"खरं हाय. लेनी माझीच हायत."

"कुठं हायत? दाखव."

"घारापुरीला. रविवारी बघाया जातेय, ज्यानं केली त्याच्यासंगं."

देवजी उठून उभे राहिले. "तो आपल्यातला न्हाय."

"म्हाइत हाय. पयल्याच दिवशी सांगलंय त्यानं."

"गेलीस तर या दारात परत..."

"मंग आताच जाते, बाबा."

रविवारपर्यंत ती कारखान्यातल्या मैत्रिणीकडे राहिली. रविवारी धक्क्यावर भगवान उभा होता. हातात दोन तिकिटं, आणि तोंडावर पहिल्यांदाच शंका. ती दिसली तेव्हा त्याने नुसती तिकिटं पुढे केली.

"आज तोंड बंद?" ती म्हणाली. "आता पुढं काय?"

"रजिस्टर लग्नाला... महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते."

"म्हंजे लग्नपन आगाऊ." आणि एवढं सगळं झाल्यावर ती आता हसली.

कमळाकरचं लग्न उरणला झालं, ट्रकांचे पुढे ट्रेलर झाले. दिनानाथशेठ मरेपर्यंत म्हणत राहिले की फोनवर जे ऐकलं तेच आपण सांगितलं. विमलबाई पहिल्या बाळंतपणाला लपून आल्या आणि भगवानच्या आईने, सुंदराबाईंनी, त्यांना चार दिवस जाऊ दिलं नाही.

देवजींनी अबोला धरला. तरी दर चैत्रात भगवान कार्ल्याला एक तिकीट त्यांच्या नावाचं काढायचा, आणि दर वर्षी ते वाया जायचं. एका वर्षी पालखी थांबली असताना म्हातारा समोर येऊन उभा राहिला.

"माझं हाय का तिकीट?"

"आहे, बाबा."

देवजी आत गेले, खूप वेळ वर बघत राहिले. "सागवान हाय," म्हणाले. पुन्हा त्या विषयावर कधी बोलले नाहीत, पण दर वर्षी आत यायला लागले.

भगवान तीन वर्षांपूर्वी गेला. पुतळाच्या आधी, न सांगता न सवरता. त्याचा आगाऊपणा शेवटपर्यंत गेला नाही.

आता नात मोबाइलवर तिकिटं काढते. परवा तिने विचारलं, "आजी, कार्ल्याची किती काढू? तू, मी, आई... तीन ना?"

"चार," पुतळा म्हणाली.

"एक वाया जाईल गं."

"जाऊं दे. चारच काढ."