धावपट्टीपलीकडची विहीर

हरमाटनच्या कोरड्या वाऱ्यातल्या धुळीनं भर दुपारी सूर्य गिळला होता. विमानं बंद. उत्तर घानातल्या त्या छोट्या विमानतळावर वुनपिनी नकाशाच्या खोलीत राहिलेलं काम उरकत होती. धावपट्टीचा प्रत्येक दिवा, जमिनीखालची प्रत्येक केबल, प्रत्येक गटार संगणकाच्या पडद्यावर क्रमांकासकट होतं. कोरी होती ती उत्तर टोकाची एवढीशी जागा. विमानतळासाठी उठवलेल्या गावाची झाकलेली विहीर.

"तिला क्रमांक देऊ नकोस, पोरी," कोलाची कडू बी चघळत अल्हाजी सुलेमाना म्हणाले. गटारं सांभाळण्यात त्यांची हयात गेली होती. "क्रमांक दिला की हे नकाशाचं यंत्र आपोआप जागा तपासायला माणूस धाडणार. अन् त्या विहिरीपाशी कुणाला नावानं हाक मारत नाहीत. ओ कोण देईल, सांगता येत नाही."

"म्हणून कोरी ठेवायची? उद्या रोलर आत गेला की मारा त्याला हाका!"

तिनं क्रमांक टाकला. अल्हाजी उठून गेले.

यंत्रानं जवळचा माणूस निवडला. याकुबू. दिव्यांचा वायरमन, तिचा पाठचा भाऊ. त्याचा निळा ठिपका पडद्यावर सरकत विहिरीपाशी पोचला आणि थबकला.

तिनं वॉकीटॉकी उचलला. "काय दिसतंय रे?"

"धूळ, दुसरं काय! स्वतःचा हात दिसत नाही... ताई, झाकण सरकवलंय कुणीतरी."

"मागं हो."

खरखर.

"ए, ऐकतोस ना?"

खरखर... मग तीही थांबली.

"याकुबू! याकुबू, परत ये!"

नाव तोंडातून गेलं आणि तिनं जीभ चावली.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. याकुबू. डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं पांढरा.

"मेल्या, जीव घेतलास माझा!" तिनं त्याचे दंड धरले. ते गार होते. तिला बाजूला सारून तो कोपऱ्यात गेला आणि पाण्याच्या पिशव्या दातांनी फाडून एकामागून एक पिऊ लागला. श्वाससुद्धा न घेता.

"अरे, हळू..."

टेबलावरचा वॉकीटॉकी खरखरला.

"ताई... मी आत पडलोय गं. पाय हलत नाही. दोर आण... लवकर."

पडद्यावर निळा ठिपका अजून विहिरीवरच होता.

कोपऱ्यातलं पिणं थांबलं.

वुनपिनीनं मागं न बघता खुंटीवरचा केबल ओढायचा दोर उपसला आणि दाराकडे वळली. तो आधीच दारात उभा होता.

"चल, मीही येतो, ताई," तो म्हणाला. "मला वाट ठाऊक आहे."