एर्गाश आकांची हाक

एर्गाश आका सकाळी नान आणायला निघाले, तेव्हा गल्लीतल्या पाटाचं पाणी रोजच्यासारखंच वाहत होतं. तुतीच्या झाडाखाली कुणीतरी झाडून सडाही घातला होता. चौकात पोरांच्या मोर्च्यावर झालेल्या गोळीबाराला आठवडा उलटून गेला होता. दुकानं उघडली होती. राष्ट्रपतींच्या थोरल्या तसबिरीवर पोरांनी फेकलेली शाई घासून काढली होती, पण एका डोळ्याखाली तिचा डाग राहूनच गेला होता. माणसं पुन्हा हवापाण्याबद्दल बोलू लागली होती, फक्त जरा हळू आवाजात.

भट्टीपाशी मुकद्दस उभी होती. नवऱ्यामागे एकुलत्या एका मुलाच्या, एल्योरच्या आधारानं जगणारी बाई. तिला पाहून आका माघारी वळणार होते, पण तिनं गाठलंच.

"आका, पहाटे हाक मारलीत आणि थांबला नाहीत?"

"मी?"

"तुम्हीच की. 'मुकद्दस, दार उघड गं, मी आहे,' म्हणालात. अनवाणी धावले. म्हटलं, एल्योरला घेऊन आलात... दार उघडलं, तर गल्ली रिकामी."

"स्वप्न पडलं असेल तुला."

"स्वप्नाला झोप लागावी लागते, आका." तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच आकांना सोसवेना. "पुढच्या वेळी जरा थांबा हं. गुडघ्यामुळं मला उठायला वेळ लागतो."

आका नान न घेताच घरी आले.

आकांची हाक साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक होती. ते मोहल्ल्याचे मुखी. कुणाकडे लग्न निघालं की पहाटेच्या पुलावाला पुरुषांना बोलवायचं काम त्यांचं, कुणी गेलं की खांदा द्यायला उठवायचं कामही त्यांचंच. भरदार, किंचित घोगरा आवाज. पहाटे ती हाक आली की लोक अर्धवट झोपेतसुद्धा कडी काढत. दाराबाहेर कोण आहे, हे विचारायची कुणाला गरजच वाटत नसे. खुद्द आकांनाही त्या आवाजाचा थोडा तोरा होता.

गोळीबारानंतर दोन दिवसांनी एक तरुण कप्तान त्यांच्याकडे आला. बूट दाराबाहेर काढून, छातीवर हात ठेवून, अगदी अदबीनं. त्यानं चहा घेतला, जर्दाळूची तारीफ केली.

"आका, पोरं बिथरलीत," तो म्हणाला. "आम्ही दारं फोडली की बायका किंचाळतात, म्हातारी माणसं दगावतात. आपल्याच लोकांना कशाला त्रास? तुम्ही नुसती हाक मारायची. दार उघडलं की तुमचं काम संपलं."

"आणि पोरांचं काय कराल?"

"दोन शब्द विचारू, सोडून देऊ." मग पियाला खाली ठेवत त्यानं सहज विचारलं, "तुमचा दिल्मुरोद कुठं असतो हल्ली?"

दिल्मुरोद आकांचा मुलगा. तो त्याच खोलीच्या वर, माळ्यावर, गोधड्यांच्या ढिगामागे श्वास रोखून पडला होता. चौकात सगळ्यात पुढे तोच तर होता.

"रशियात... मजुरीला गेलाय."

"बरं केलंत. तिथंच राहू द्या त्याला." कप्तान हसला, आणि हसता हसता त्यानं एकदाच वर छताकडे पाहिलं.

दुसऱ्या पहाटे आका गल्लीगल्लीतून हिंडले. मागे भिंतीला चिकटून शिपाई. दारं पटापट उघडली. मुकद्दस तर खुशीनं म्हणाली होती, "कुणाचं लग्न, आका?" एल्योर डोळे चोळत बाहेर आला. "ये रे बाळा," आका म्हणाले, "दोन शब्द विचारायचेत, तासाभरात परत येशील." आईनं धावत जाऊन नान आणली आणि रिवाजाप्रमाणं त्याला एक घास तोडायला लावला. उरलेली तिनं खुंटीला टांगली, लेक परत येऊन संपवेपर्यंत. अशी नान आता मोहल्ल्यात घरोघर टांगलेली होती आणि वाळून कडक झाली होती. परत मात्र कुणीच आलं नव्हतं.

दुपारी नोसिर न्हाव्यानं आकांच्या गालाला साबण फासत डोळे मिचकावले. "या वयात पहाटे पहाटे कुठं फिरता, आका? घरी ठाऊक आहे का?"

"वस्तरा चालव, तोंड नको."

नोसिरनं वस्तरा थांबवला. दुकानात तिसरं कुणी नव्हतं, तरी तो कुजबुजला, "काल माझ्या भावाच्या दारात हाक आली. मी समोर खिडकीतच होतो, आका... दारापाशी कुणी नव्हतं. वहिनीनं उघडलं, तिला वाटलं तुम्ही पोराला आणलंत. आवाज तर... तुमचाच होता."

आका अर्धी दाढी तशीच ठेवून उठले.

त्या रात्री ते निजलेच नाहीत. कुम्रीखानला, आपल्या बायकोला, त्यांनी शेजारी बसवून घेतलं. "मला धरून ठेव," ते म्हणाले. "मी कुठं जात नाही ना, ते बघ." चाळीस वर्षांच्या संसारात तिनं कधी काही विचारलं नव्हतं. तिनं त्यांचं मनगट घट्ट धरलं.

उजाडायच्या सुमाराला पाटापलीकडून हाक आली.

"मुकद्दस... दार उघड गं, मी आहे."

कुम्रीखाननं चमकून नवऱ्याकडे पाहिलं. ते समोर बसलेले, तिच्या हातात त्यांचं मनगट. 'मी नव्हे तो,' असं आकांना ओरडायचं होतं. तोंड उघडलं, घशाच्या शिरा ताणल्या, पण आतून नुसती हवा आली. पलीकडे कडी वाजली, अनवाणी पावलं दारापर्यंत गेली आणि थांबली. मग बराच वेळ त्या बाईचं रडणं ऐकू येत राहिलं.

हाक सगळी दारं हिंडून शांत झाली, तेव्हाच आकांच्या गळ्यात आवाज परतला. पहिला शब्द फुटला तो हुंदकाच. "मी विकलं गं त्या पोरांना," ते म्हणाले, "याच्यासाठी विकलं." आणि त्यांनी माळ्याकडे बोट केलं.

वरून दिल्मुरोद बापाला म्हणाला, "ऐकतोय मी, दादा. त्या दिवशीही ऐकत होतो. मी निजतो तिथून एल्योरचं दार पाटाच्या पलीकडेच आहे."

"तू जिवंत आहेस ना!"

"हो. मुकद्दस मावशी पण रोज हेच विचारत असेल, एल्योर जिवंत आहे ना म्हणून."

दिल्मुरोद दिवसभर माळ्यावरच राहिला. आकांनी दाराला आतून अडसर घातला, त्यामागे पिठाची पेटी ओढली, आणि स्वतः पेटीवर बसून राहिले. जेवणाला शिवले नाहीत. मोहल्ल्यातली सगळी घरं संपली होती, हाकेला आता एकच दार उरलं होतं, त्यांचं स्वतःचं. त्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

पहाटे गल्लीत पावलं वाजली नाहीत. हाक एकदम दारापाशीच आली, इतकी जवळ की आकांच्या पाठीला फळी थरथरलेली जाणवली.

"दिल्मुरोद... ये रे बाळा. मी आहे."

आका ताडकन उठले. तोंड उघडलं. आवाज नव्हता.

माळ्याची शिडी करकरली. दिल्मुरोद खाली आला, अंगात चौकातला तोच सदरा. त्यानं दाराकडे पाहिलं, मग बापाकडे. दोन्ही हात पसरून, तोंड वासून, मुक्यानं विनवणाऱ्या बापाकडे तो खूप वेळ पाहत राहिला. त्याच्या नजरेत तिरस्कार असता तर आकांना सोपं गेलं असतं. त्यात दया होती.

"दिल्मुरोद," बाहेरचा आवाज म्हणाला, "एल्योर कधीचा थांबलाय रे तुझ्यासाठी."

"आलो, दादा," दिल्मुरोद म्हणाला. बापाला नाही, दाराला.

आकांनी त्याला मिठी मारली, सदरा धरला, पाय धरले. त्यानं त्यांची बोटं एकेक करून अलगद सोडवली, लहानपणी ते त्याची सोडवायचे तशी. पेटी सरकवली, अडसर काढला. कुम्रीखान जागच्या जागी थिजून उभी होती. दाराबाहेर फिकट उजेड आणि ओली गल्ली. कुणीही नव्हतं. दिल्मुरोदनं छातीवर हात ठेवून कुणाला तरी सलाम केला आणि वळणावरून दिसेनासा झाला.

आका धावले. वळणापुढे सरळ भिंत आणि पाट, लपायला जागाच नाही. तिथं माणूस नव्हता. बोलणं मात्र ऐकू येत होतं, चौकाच्या दिशेनं दूर दूर जाणारं. एक आवाज, आकांचाच, विचारत होता, दुसरा सांगत होता, आणि मधेच दिल्मुरोद हसला. गोळीबारानंतर त्याचं हसणं घरात कुणी ऐकलं नव्हतं.

कुम्रीखान मागून येऊन उभी राहिली. डोक्यावरचा रुमाल ओघळला होता, ते तिच्या ध्यानातही नव्हतं. ती कान देऊन ऐकत होती.

"किती मायेनं बोलताय हो त्याच्याशी," ती हळूच म्हणाली. "असं कधी बोलला नव्हतात."

आकांना उत्तर द्यायचं होतं. आवाज अजून परतला नव्हता.