पाठमोरी बाई

काम तसं साधं होतं. एका मोठ्या बागेत, पाळण्यांच्या आणि घसरगुंड्यांच्या पलीकडे, अंधाऱ्या बोगद्यातून फिरणारी भुतांची गाडी उभी राहत होती. ती कशी बनते याचा माहितीपट करायचा. कॅमेरा माझा, आवाज माझ्या धाकट्या दिराचा. आम्ही दोघंच. बाहेर लख्ख ऊन असायचं, पण त्या बोगद्यात शिरलं की ओल्या प्लायवूडचा आणि ताज्या रंगाचा वास नाकात बसायचा, आणि दार लागलं की स्वतःचा हातसुद्धा दिसायचा नाही.

आतले पुतळे एक मूर्तिकार घडवत होती. तोंडाने फटकळ, पण हातात जादू. सगळे तिला नुसतं ‘बाई’ म्हणत. तिचा एक पुतळा मला फार आवडायचा. जेवणाच्या टेबलाशी बसलेली, रुळांकडे पाठ केलेली एक स्त्री. अंबाडा, किंचित झुकलेली मान, बस्स.

“हिचा चेहरा टिपू द्या ना,” मी म्हटलं.

“केलाच नाही. गाडी मागून जाते. न दिसणाऱ्या गोष्टीसाठी कोण मरमर करेल?”

घरी चित्रण बघताना दीर म्हणाला, “वहिनी, जरा थांबव. हा कान आहे का?”

अंबाड्याच्या कडेला खरंच कानाची पाळी दिसत होती. आदल्या दिवशीच्या चित्रणात ती नव्हती. पुढच्या चित्रणात गाल दिसला. मग भुवईचं टोक.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बाईने गुपचूप चेहरा केलाय आणि मान रोज थोडी थोडी वळवून ठेवतेय, म्हणजे फिल्म बघून चार लोक बोलतील. मी तिला सरळ तोंडावर विचारलं. ती उसळलीच.

“मी? बोगद्याची किल्ली तुम्हा दीर-भावजयीकडे असते! फिल्म रंगवायला माझ्या कामाला हात लावताय, आणि वर मलाच विचारताय? साहेबांनी बघितलं तर नोकरी माझी जाईल.”

शेवटी आम्ही दोघी मिळून आत गेलो. कामाचे मोठे दिवे लावले, रूळ ओलांडले, टेबलाच्या पुढे जाऊन उभ्या राहिलो. चेहरा नव्हताच. नुसतं गुळगुळीत फायबर, अंड्यासारखं. मान धडासकट एकसंध ओतलेली, धड खुर्चीला नटबोल्टने आवळलेलं. मला ओशाळल्यासारखं झालं. बाईही जरा निवळली.

“आता दिवे घालवून गाडीतून बघू,” ती म्हणाली. “म्हणजे तुझ्याही जिवाला शांती मिळेल.”

दीर बाहेर बटणांपाशी थांबला. गाडी कुरकुरत निघाली. काळोख... एक वळण... मग टेबलावरचा दिवा मिणमिणत लागला. माझा डोळा कॅमेऱ्याला होता, पण नेमकं तिथेच त्यातलं चित्र काळं झालं. शेजारी बाईचा श्वास अडकला. तिने माझा हात घट्ट धरला.

“काय झालं?”

ती वळून माझ्याकडे बघत राहिली, त्या अंधुक उजेडात, न्याहाळून. मग हात सोडून गाडीच्या पार टोकाला सरकली.

“बाई... काय दिसलं?”

“काही नाही... तू... तू मला हात लावू नकोस.”

त्याच दुपारी तिने तो पुतळा उखडला, मागच्या आवारात हातोड्याने फोडला आणि तुकडे पेटवून दिले. साहेब ओरडत राहिले. तिने ढुंकून बघितलं नाही. नोकरी सोडून गेली ती गेलीच. अजूनही फोन केला की माझा आवाज ऐकून ठेवून देते. दीर म्हणतो, लबाडी उघडी पडली म्हणून लाजत असेल. मलाही तसंच वाटावं, असं फार वाटतं.

खुर्ची रिकामीच राहिली. उद्घाटनाच्या सकाळी मी स्वतः आत जाऊन बघून आले. मग बाहेर, भर उन्हात, गाडीतून उतरणाऱ्यांना आम्ही विचारत उभे राहिलो, काय आवडलं म्हणून. एक आई लेकीला कडेवर घेऊन आली. मला बघताच मुलीने टाहो फोडला आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसलं.

“घाबरली हो तुम्हाला,” आई हसत म्हणाली. “मघाशी टेबलाशी तुम्हीच बसला होतात ना? छान करता काम. पण आमच्या आधी बाहेर कशा पोचलात?”