बॅटरी कोणी धरायची

मोटर फिरत होती, पण एरियल काही वर येत नव्हतं. रविवारी सकाळी कराडच्या थोरातांच्या घरी हेच कोडं पडलं होतं, आणि त्या कोड्याचं अर्धं उत्तर घरातल्या एका व्यक्तीला आधीपासून ठाऊक होतं. ती व्यक्ती तोंडाला कुलूप लावून पायरीवर बसली होती. तिचं नाव शाल्मली, वय वर्षं अकरा.

गाडी आबांची, म्हणजे शाल्मलीच्या आजोबांची. रस्त्यावरच्या बाकी गाड्या चालकाशिवाय धावू लागल्या होत्या, गाणी थेट काचेतून ऐकू येत होती, तरी आबांनी आपली जुनी निळी गाडी सोडली नव्हती. तिचं इंजिन काढून त्यांनी विजेवर चालणारी मोटर बसवली होती; रेडिओ आणि एरियल मात्र मूळचंच ठेवलं होतं. रेडिओचं बटण दाबलं की मागच्या चाकावरच्या पत्र्यातल्या भोकातून चकचकीत दांडी सुळकन वर यायची. रेडिओ बंद केला की आपसूक आत जायची. गावातल्या शाळेची मुलं एक छोटं रेडिओ केंद्र चालवत, आणि दर रविवारी आबा नि शाल्मली गाडीत बसून त्यांचा कार्यक्रम ऐकत. आबांनी सगळी नोकरी आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी पकडणाऱ्या मोठमोठ्या तबकड्यांजवळ केली होती, पण या एवढ्याशा दांडीचं त्यांना फार कौतुक होतं.

आज बटण दाबल्यावर ‘घुंईंईं’ आवाज आला, मग टक् टक् टक् झालं, आणि दांडी जेमतेम वीतभर वर येऊन थांबली. रेडिओतून नुसती खरखर.

“गुणाजी, ये रे जरा,” आबांनी हाक मारली, आणि शाल्मलीनं नेहमीसारखं तोंड फिरवलं.

गुणाजी हा यंत्रमानव. उंचीला तिच्याएवढाच, दोन डोळ्यांच्या जागी दोन कॅमेरे आणि त्या दोहोंच्या बरोबर मधे, कपाळावर, एक लख्ख दिवा. महिनाभराच्या बोलीवर तो यंत्रमानव पुरवणाऱ्या केंद्रातून आला होता. पटला तर ठेवायचा, नाही तर परत. त्याला ‘गुणाजी’ हे नाव आजीनं ठेवलं, तेही कौतुकानं, आणि तिथूनच सगळं बिघडलं. इतकी वर्षं या घरात गुणाचं म्हणावं असं एकच माणूस होतं.

त्याहून मोठं दुःख त्या कपाळावरच्या दिव्याचं होतं. आबा काही दुरुस्त करायला बसले की बॅटरी (हातात धरायची विजेरी) शाल्मलीनं धरायची, हा घरचा नियम. मिक्सर असो, पंखा असो, नाही तर गाडी. आबा म्हणणार, “शालू, उजेड,” आणि शालू उजेड देणार. गुणाजी आला आणि आबांनी एकदाही उजेड मागितला नाही. गुणाजीच्या कपाळातच तो होता. बॅटरी खणात पडून राहिली, आणि आपणही तिच्याबरोबर खणातच पडलो असं शाल्मलीला वाटायला लागलं.

“हे बघ,” आबा गुणाजीला म्हणाले, “उद्या सकाळी केंद्राचा माणूस येईल. आज हा बिघाड शोधलास तर मी त्याला सांगेन, गुणाजी आमच्याकडेच राहील.”

शाल्मलीनं पाय आखडून घेतले. शोधू नये त्यानं. अजिबात शोधू नये.

“मी तयार आहे,” गुणाजी म्हणाला. त्याचं मराठी इतकं शुद्ध होतं की तिला त्याचाही राग यायचा. “सर्व भाग उघडून एकेक तपासू का?”

“सगळं उघडायचं नाही. तो आळशी माणसाचा धंदा,” आबा म्हणाले. “बिघाड शोधायचा तर मधोमध प्रश्न विचारायचा. रेडिओकडून एक तार एरियलच्या मोटरकडे जाते. रेडिओ सुरू झाला की त्या तारेतून मोटरला इशारा मिळतो आणि मोटर फिरते. मोटर एक दातेरी नायलॉनची दोरी ढकलते. ती दोरी नळ्यांच्या आतून जाऊन सगळ्यांत बारीक नळीच्या टोकाला अडकवलेली असते. दोरी पुढे सरकली की एकातून एक नळ्या बाहेर येतात. तर या साखळीच्या मधोमध कोण?”

“मोटर.”

“मोटर फिरते का?”

“फिरते. आवाज येतो.”

“म्हणजे रेडिओ, तार, फ्यूज, सगळं निर्दोष. एका आवाजात अर्धी गाडी तपासून झाली.” आबा खूश झाले. “उरलं काय? दोरी आणि नळ्या. आता पुन्हा मधोमध विचारू.”

शाल्मलीला हे सगळं पाठ होतं. मिक्सर दुरुस्त करताना आबांनी हेच तिला सांगितलं होतं, अगदी याच शब्दांत. तिचे शब्द त्यांनी उचलून दुसऱ्याला देऊन टाकले होते.

“बोट ठेव टोकावर,” आबा म्हणाले. त्यांनी रेडिओ बंद करून पुन्हा सुरू केला. घुंईंईं, टक् टक्. “खालून ढुशी लागते का?”

“लागते. हलकी, पण लागते.”

“दोरी तुटली असती किंवा तिचे दात झिजले असते तर मोटर नुसती फिरली असती, टोकाला काहीच जाणवलं नसतं. म्हणजे दोरीही शाबूत. ती ढकलतेय, नळ्या हलत नाहीत. तेव्हा मोटर जळू नये म्हणून आतला क्लच (जोर फार झाला की निसटणारा भाग) घसरतो. टक् टक् करतोय तो तोच. आता नळ्या का हलत नाहीत ते बघ.”

गुणाजी वाकला. कपाळावरचा दिवा लागला. त्यानं दांडीभोवती एक पूर्ण फेरी मारली.

शाल्मली पायरीवर पुढे सरकली. कारण नळ्या का हलत नाहीत, ते तिला माहीत होतं.

खंडेनवमीला आजीनं नेहमीप्रमाणे घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली होती. विळी, शिवणयंत्र, धुलाईयंत्र, आबांची पकड, सगळ्यांना हळदकुंकू. धातूवर कोरडं कुंकू टिकत नाही म्हणून आजी ते तेलात कालवते. या वर्षी तिचे गुडघे धरले होते. तिनं वाटी गुणाजीच्या हातात दिली आणि सांगितलं, “गाडीला तू लाव, बाबा. कुठलंही यंत्र राहू देऊ नकोस.” गुणाजी आज्ञाधारक. तेव्हा रेडिओ सुरू होता, एरियल पूर्ण वर होतं. त्यानं पाहिलं, इथे प्रत्येक नळी वेगळी हलते, म्हणजे प्रत्येक नळी वेगळं यंत्र. मग त्यानं प्रत्येक नळीला बोटानं नीट, चहूबाजूंनी, तेलातलं कुंकू लावलं. संध्याकाळी कोरड्या फडक्यानं पुसलंही. आजीनं शाबासकी म्हणून त्याच्याच कपाळाला टिळा लावला, शाल्मलीच्याही आधी.

एरियलला चिकट काही लावायचं नसतं, आबांनी हे शाल्मलीला कितीदा तरी सांगितलं होतं. ती दारात उभी राहून सगळं बघत होती आणि एक शब्द बोलली नाही. लाव म्हणाली मनात, लाव अजून. त्यानंतर सहामाही परीक्षेमुळे शाळेचं केंद्र बंद होतं, त्यामुळे रेडिओ कुणी लावलाच नव्हता. आत गेलेल्या त्या तेलाला धूळ धरून बसायला भरपूर सवड मिळाली होती.

“नळ्या स्वच्छ आहेत,” गुणाजी म्हणाला.

“नीट बघितलंस?”

“हो. पृष्ठभाग एकसारखा दिसतो. म्हणून माझं मत असं की मोटरची ताकद वयामुळे कमी झाली असावी. अशी मोटर आता कुठे मिळत नाही. हे एरियल काढून काचेत लहरी पकडणारा नखाएवढा नवा भाग बसवावा.”

म्हणजे तो हरला होता. उद्या केंद्राची गाडी येईल आणि हा जाईल. शाल्मलीला मनातून उड्या माराव्याशा वाटायला हव्या होत्या.

पण आबा मान हलवत होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्यांना स्वतःला ती दांडी धुकट दिसायची, म्हणून ते गुणाजीच्या डोळ्यांवर विसंबले होते. “वय झालं खरं तिचं,” ते म्हणाले. “काढून टाकू मग. पाना आण.”

हे मात्र शाल्मलीला सोसलं नाही. तो चक्क चुकत होता आणि आबा त्याचं ऐकत होते. ती कधी चुकली असती तर आबांनी दहा प्रश्न विचारले असते. दयेनं नाही, चांगुलपणानं नाही, निव्वळ जळफळाटानं ती उठली, खणातली बॅटरी घेऊन आली आणि गुणाजीला बाजूला सारून दांडीजवळ बसली.

“दिवा बंद कर तुझा,” ती म्हणाली.

गुणाजीनं केला. तिनं बॅटरी समोरून न धरता नळीला जवळजवळ टेकवून आडवी धरली. उजेड नळीच्या अंगावरून घसरत गेला, आणि जिथे बारीक नळी जाड नळीत शिरत होती तिथे एक चिमुकली कड सावली टाकून उभी राहिली. धुळीच्या रंगाचं कडं, नळीला बिलगलेलं.

“मला ते का दिसलं नाही?” गुणाजीनं विचारलं.

“कारण तुझा दिवा डोळ्यांच्या मधोमध आहे,” शाल्मली म्हणाली. “तू जिथून बघतोस तिथूनच उजेड जातो. मग सावली वस्तूच्या मागे लपते, तुला दिसतच नाही. उंचसखल कळायला सावली लागते, आणि सावलीसाठी उजेड तिरका लागतो. म्हणून बॅटरी दुसऱ्या माणसानं धरायची असते.” शेवटचं वाक्य तिनं जरा मोठ्यानं म्हटलं.

आबांनी नखानं ते कडं खरवडलं. नखावर लाल रंग आला. त्यांनी वास घेतला. “तेल. आणि कुंकू.”

“खंडेनवमीला यानं लावलं,” शाल्मली म्हणाली. “प्रत्येक नळीला.”

“खरं आहे. ही माझी चूक आहे,” गुणाजी म्हणाला, आणि मग त्याच सरळ आवाजात, कसलाही डाव न ठेवता, त्यानं विचारलं, “शाल्मलीताई, तेव्हा तुम्ही दारात होता. मला सांगितलं का नाही?”

आबा तिच्याकडे बघत राहिले. शाल्मलीनं बॅटरी विझवली, पुन्हा लावली.

“कारण त्यानं चुकावं असं मला वाटत होतं,” ती म्हणाली. “तो परत जावा म्हणून. तो आल्यापासून तुम्ही मला एकदाही ‘शालू, उजेड’ म्हटलेलं नाही, आबा. मला त्याचा हेवा वाटतो. खूप वाटतो.”

 आबा तिच्याशेजारी खाली बसले.

“पंखा दुरुस्त करताना तू किती वेळा म्हणालीस, झालं का आबा, हात दुखतो?” ते म्हणाले. “माझे डोळे अधू झाले तसा मला वेळ जास्त लागायला लागला. तू हात बदलायचीस, जांभया द्यायचीस. मला वाटलं, पोरीला कशाला छळायचं. म्हणून कपाळावर दिवा असलेला मागवला. तुझा हात दुखू नये म्हणून, शालू.”

शाल्मलीला रडू आलं, आणि रडताना तिला रागही आला, कारण हात खरंच दुखायचा.

“दुखू दे की,” ती म्हणाली. “दुखतो म्हटलं म्हणजे नको असं थोडंच असतं.”

“हे मला कळायला हवं होतं,” आबा म्हणाले. मग त्यांनी गुडघ्यावर हात टेकले. “चल. उजेड.”

पुढचं काम सोपं होतं. फडक्यावर स्पिरिट घेऊन आबांनी ते कडं पुसलं, गुणाजीनं रेडिओ सुरू केला आणि दांडी बोटभर वर आली. पुन्हा पुसलं, पुन्हा बोटभर. प्रत्येक वेळी शाल्मली तिरका उजेड टाकून उरलेला थर दाखवत होती. शेवटची नळी कोरडी चकचकीत झाली तेव्हा दांडी सुळकन पूर्ण वर आली, टक् टक् न करता. रेडिओची खरखर थांबली आणि शाळेतल्या कुणाचा तरी शिंकण्याचा आवाज अगदी स्पष्ट ऐकू आला.

“वीतभर दांडीला हे का ऐकू येत नव्हतं?” गुणाजीनं विचारलं.

“लांबी जुळायला लागते,” आबा म्हणाले. “या केंद्राच्या लहरीची तरंगलांबी (लाटेच्या एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर) तीन मीटरच्या आसपास आहे. गाडीचा पत्रा एरियलला हातभार लावतो, त्यामुळे लाटेच्या पाव भागाएवढी दांडी पुरते. म्हणजे किती, शालू?”

“पाऊण मीटर.”

“बरोबर. तेवढी लांबी मिळाली की लाट दांडीतली वीज ठेक्यात झुलवते, झोपाळ्याला नेमक्या वेळी ढकलावं तशी. आखूड दांडीत झोका उंच जातच नाही.” ते वर बघत म्हणाले, “गुरू ग्रहाकडूनही अशा लहरी येतात, पण त्या पंधरा मीटर लांब. त्यांच्यासाठी गच्चीवर केवढी तार लागेल बघ. ताणायला दोन माणसं लागतील आणि एक गुणाजी.”

पाव भाग म्हणजे पावणेचार मीटर, शाल्मलीनं लगेच मनात हिशोब केला. गुरूचा आवाज कसा असेल, ते तिला ऐकायचं होतं.

सोमवारी सकाळी केंद्राचा माणूस आला. आबांनी शाल्मलीला पुढे केलं. “हिला विचारा. बिघाड हिनं शोधला.”

गुणाजी दाराशी उभा होता. आजीनं त्याला निरोपाचा म्हणून पुन्हा टिळा लावून ठेवला होता, या वेळी कोरड्या कुंकवाचा.

“ठेवायचा की न्यायचा, ताई?” त्या माणसानं विचारलं. “काही तक्रार?”

शाल्मलीनं गुणाजीकडे बघितलं. अजूनही तिला तो फारसा आवडत नव्हता. पण गच्चीवर तार ताणायची होती, आणि त्याचे हात कधी दुखत नसत.

“राहू दे त्याला,” ती म्हणाली. “फक्त कपाळावरचा दिवा तेवढा काढून न्या.”