वेनबोला बोलू दे

ट्राम अगदी समोर उभी होती. ज्ञानदा धावत आली, दाराचं बटण दाबलं... आणि ट्राम निघून गेली. ड्रायव्हरला आरशात ती दिसली होती, नक्की दिसली होती! वर कोलोनचा तो बारीक, चिवट पाऊस, छत्रीला न जुमानता खालून-बाजूने अंगावर येणारा. ज्ञानदा मूळची सांगलीची. जर्मन ऑफिसात ती कितीही नेमस्त वागत असली, तरी राग आला की तोंडून सांगलीच बाहेर पडायची.

"तुझा मुडदा बशिवला, मेल्या!" लांब जाणाऱ्या लाल दिव्यांकडे बघत ती ओरडली.

नेमकं त्याच वेळी तिच्या शेजारी आणखी कुणीतरी ओरडलं. भाषा तिला कळली नाही, सूर मात्र अगदी नीट कळला.

तिने वळून पाहिलं. एक उंच तरुण, चष्मा पावसाने भरलेला, मूठ अजून हवेतच. दोघांची नजरानजर झाली आणि त्याने ती मूठ हळूच खाली घेतली.

"काय म्हणालात तुम्ही त्याला?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"शुभेच्छा दिल्या," ज्ञानदा म्हणाली. "आणि तुम्ही?"

"मी म्हणालो, तुझं सूप आयुष्यभर गार राहो."

"एवढंच?"

"आमच्याकडे हे फार वाईट समजतात," तो गंभीरपणे म्हणाला. मग चष्मा पुसता पुसता हसला, आणि चष्म्याशिवायचे त्याचे डोळे बघून ज्ञानदाचा राग... म्हणजे गेला नाही, पण जरा बाजूला सरकून बसला.

त्याचं नाव झोउ वेनबो. चीनमधल्या कुनमिंगचा, जनावरांचा डॉक्टर. कोलोनबाहेरच्या एका घोड्यांच्या दवाखान्यात वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी आला होता. पुढची ट्राम आली तेव्हा दोघं बोलत होते, म्हणून तीही सुटली. त्याबद्दल मात्र कुणीच कुणाला शिव्या घातल्या नाहीत.

पुढे ऱ्हाईन नदीच्या काठाने फिरणं सुरू झालं. तो तिला चिनी शिव्या शिकवायचा, ती त्याला मराठी. चिडला की आधी त्याचे कान लाल व्हायचे. एकदा कुणीतरी भर उन्हात गाडीत कुत्रा कोंडून खरेदीला गेलं होतं. वेनबो त्या मालकावर असा बरसला की भोवती गर्दी जमली. ज्ञानदा त्या गर्दीत उभी राहून बघत होती आणि तिला एकदम कळलं, गेलो आपण कामातून. हा माणूस असाच आयुष्यभर कुणासाठी तरी ओरडत राहावा आणि आपण शेजारी उभं असावं... दुसरं काही नको.

त्याचं वर्ष संपायच्या आत, तिथे कागदपत्रं कमी लागतात म्हणून, डेन्मार्कमधल्या एका छोट्याशा गावात त्यांनी लग्न केलं. सांगलीत आईला, मीनलताईंना, फोटो पोहोचला आणि लगोलग फोन आला.

"चीन?" आई म्हणाली. "अगं, एवढ्या मोठ्या जर्मनीत तुला चिनीच सापडला? मी त्याच्याशी बोलायचं कशात?"

"प्रेमात," ज्ञानदा म्हणाली. आईने फोन ठेवला. नंतरही फोनवर तिचा जावई म्हणजे 'तो तुझा चिनी'च राहिला.

वेनबो कुनमिंगला परत गेला आणि पत्नीकडे राहण्याच्या व्हिसासाठी त्याने अर्ज केला. इथून पुढे ज्ञानदाच्या रागाला सुट्टी अशी मिळालीच नाही. हा कागद चालत नाही, त्याचं भाषांतर हवं. भाषांतर चालत नाही, त्यावर दुसरा शिक्का हवा. टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळत नाही. मिळाली तर ज्याच्याकडे काम आहे तो साहेब रजेवर. ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत ती फोन कानाला लावून जिन्यात बसायची आणि वाट बघायला लावणारं तेच ते संगीत ऐकत दातओठ खायची. स्वतःच्या नवऱ्याला घरी आणायला हिला कुणाकुणाची परवानगी काढायची होती!

पण तो आला. विमानतळावर तिने त्याला अशी घट्ट मिठी मारली, की मागच्या लोकांना सामानाच्या गाड्या वळवून न्याव्या लागल्या.

"आता तू काहीही काळजी करू नकोस," ती त्याच्या कोटात तोंड खुपसून म्हणाली. "मी सगळं बघते."

आणि तिने बघितलं... सगळं. त्याचं बँकेचं खातं, त्याचा विमा, त्याचा भाषेचा वर्ग. दाताच्या डॉक्टरकडे कुठला दात दुखतो हेही तिनेच सांगितलं. त्याच्या पदवीला इथे थेट मान्यता नव्हती. त्यासाठी आधी जर्मन, मग परीक्षा. या सगळ्याचा तक्ता तिने फ्रीजवर लावला. दुकानात कुणी वेनबोशी हळूहळू, बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यांदा बोललं की तिचं डोकं फिरायचं. मग तो तोंड उघडायच्या आत ती त्या माणसाला फाडून खायची. त्याचे कान मात्र आताशा लाल होईनासे झाले होते. तो शांत झाला होता. ज्ञानदाला वाटलं, रुळतोय.

हिवाळ्यात त्याच्या राहण्याच्या परवान्यासाठी परदेशी लोकांच्या कचेरीत जावं लागलं. टेबलापलीकडच्या बाईंनी त्याच्याकडे बघून विचारलं, "पुढे काय करायचा विचार आहे तुमचा?"

"तो आधी जर्मनची बी-टू पातळी पूर्ण करणार," ज्ञानदा म्हणाली, "मग मान्यतेची परीक्षा..."

"मी यांना विचारलं."

"हो, पण त्याचं जर्मन अजून..."

"आणि यांना स्वतःला काय वाटतं?" बाईंनी आता ज्ञानदालाच विचारलं, वेनबो जणू त्या खोलीत नव्हताच. ज्ञानदाने उत्तर दिलं. नीट, मुद्देसूद, अगदी जर्मन. वेनबो टेबलाच्या कडेकडे बघत बसला होता.

बाहेर आल्या आल्या तिचा स्फोट झाला. "तोंड शिवलं होतं का तुझं? ती बाई काय समजली असेल? एक वाक्य बोलायला काय जात होतं?"

"कधी बोलायचं होतं?" तो म्हणाला. "तुझ्या कुठल्या दोन शब्दांच्या मधे?"

"म्हणजे? मी तुझ्यासाठी जिवाचं रान करतेय आणि..."

"तेच!" तो एकदम ओरडला. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. "तू करतेस! सगळं तू! ऑफिसवाले माझ्याशी बोलत नाहीत, तुझ्याशी बोलतात. दुकानदार तुझ्याशी बोलतो. माझ्या दाताला काय होतंय ते तू सांगतेस! कुनमिंगमध्ये लोक मला पहाटे उठवून न्यायचे, गाय अडली म्हणून. इथे मला कुणी वेळही विचारत नाही. मी तुझा नवरा आहे, ज्ञानदा, की तुझं सामान?"

 

मग तो हळू आवाजात म्हणाला, "कुनमिंगच्या माझ्या जुन्या दवाखान्याने मला परत बोलावलंय. मी विचार करतोय."

"कर की!" ती म्हणाली. डोळ्यांत आलेलं पाणी तिला त्याला दाखवायचं नव्हतं, म्हणून आवाज आणखी चढला. "जा! जा ना! एवढ्या लोकांच्या पाया पडून तुला आणलं, त्याचं हे बक्षीस!"

"तुझी आई येतेय," तो म्हणाला. "ती असेपर्यंत नको. ती परत गेली की... बघू."

आईचं तिकीट कधीच काढून झालं होतं. त्यामुळे मीनलताई कोलोनला उतरल्या त्या थेट या थिजलेल्या घरात. लेक आणि जावई एकमेकांशी इतकं सभ्यपणे वागत होते, की तिसऱ्या माणसाला थंडी वाजावी. मीनलताईंनी पहिला दिवस काढला आणि दुसऱ्या दिवशी लेकीला विचारलं, "भांडलायत ना?"

"नाही."

"मग भांडा. हे काय पाहुण्यांसारखं राहणं?"

ज्ञानदा ऑफिसला जायची आणि घरी राहायचे सासू-जावई, ज्यांच्यात एकही भाषा सामायिक नव्हती. तिने दोघांसाठी मोबाईलमध्ये भाषांतराचं ॲप घालून दिलं. संध्याकाळी येऊन बघावं तर मोबाईल कोपऱ्यात पडलेला. आई मराठीत सांगत असायची, तो चिनीत उत्तर देत असायचा आणि कढईत वांगं शिजत असायचं. 'तो तुझा चिनी'चा परवा 'वेनबो' झाला आणि काल चक्क 'जावईबापू'. ज्ञानदाला बरं वाटायला हवं होतं. तिला राग येत होता. या दोघांचं तिच्याशिवाय चालत होतं!

मग एका दुपारी ऑफिसात फोन आला. वेनबोचा. "आई बाजारात घसरून पडली. हाताला लागलंय. आम्ही दवाखान्यात आहोत. मी आहे इथे, काळजी करू नको."

'मी आहे इथे' म्हणे! ज्ञानदा मीटिंग तशीच टाकून धावत सुटली. तिथे स्वागतकक्षात त्याला कोण विचारणार? आईचा विमा, आईची गोळ्यांची ॲलर्जी, हे सगळं तो कसं सांगणार? रस्ताभर तिने वाक्यं जुळवली.

दवाखान्याचं काचेचं दार उघडलं आणि तिला आधी त्याचा आवाज ऐकू आला.

"जर्मन बोलणारं कुणी आहे का म्हणून काय विचारता? मी बोलतो जर्मन! हे काय बोलतोय मग?"

वेनबो टेबलावर दोन्ही हात टेकून उभा होता. कान लालबुंद. शेजारच्या खुर्चीत आई, मनगट मफलरमध्ये बांधलेलं.

"ही माझी आई! आई दुखतो! केव्हाचा बसतो आम्ही, तुम्ही फक्त थांबा, थांबा! बोटं गार पडतो, तुम्हाला दिसत नाही? मी डॉक्टर आहे! गायींचा... पण हाड म्हणजे हाड!"

एकही क्रियापद जागेवर नव्हतं. स्त्रीलिंगी, पुल्लिंगी, सगळ्याची सरमिसळ झाली होती. ज्ञानदाचं तोंड आपोआप उघडलं. ती पुढे झाली, तोच तिच्या कोटाची बाही कुणीतरी घट्ट धरली. आईने, चांगल्या हाताने.

"थांब," मीनलताई म्हणाल्या. "बोलू दे त्यांना. छान भांडतायत."

"अगं, पण तो चुकीचं..."

"मला एक अक्षर कळलं नाही," आई म्हणाली, "पण त्या बाईला कळलंय बघ."

खरंच. टेबलामागची मुलगी उठली होती, आत गेली होती. क्षणभराने एक डॉक्टर बाहेर आला आणि त्याने सरळ वेनबोला विचारलं, कुठे पडल्या, कशा पडल्या, कुठल्या गोळ्या चालत नाहीत. वेनबोने सांगितलं. गोळीचं नावसुद्धा. ज्ञानदा भिंतीला पाठ टेकून उभी राहिली आणि तिने आपली जीभ दातांत घट्ट धरून ठेवली. आयुष्यात एवढं अवघड काम तिने कधी केलं नव्हतं. पण ती बघत होती त्याच्याकडे... गाडीतल्या कुत्र्यासाठी भांडणाऱ्या त्या माणसाकडे. तो कुठे गेला होता इतके महिने? की तिनेच त्याला गप्प बसवून ठेवलं होतं, प्रेमाने, काळजीने, एकेक वाक्य त्याच्या तोंडून काढून घेत?

आईच्या हाताला प्लास्टर घालून सगळे घरी आले. आई झोपली. औषधं आणायला दोघं बाहेर पडले. पाऊस भुरभुरत होता. छत्री एकच होती आणि ती वेनबोने धरली होती.

"मला का नाही बोलावलंस आधी?" ज्ञानदाने विचारलं. आवाजात अजून धार होती.

"तू आली असतीस, आणि मग तू बोलली असतीस."

"हो," ती म्हणाली. मग फुटपाथवर मधेच थांबली. "मी चुकले, वेनबो. आणि याचाही मला भयंकर राग येतोय, सांगून ठेवते."

"दिसतंय," तो म्हणाला.

"हसू नकोस! मी सगळ्या जगाला विचारलं. वकिलातीला, कचेरीला, त्या टेबलामागच्या बाईला... माझा नवरा इथे राहिला तर चालेल का म्हणून. तुला विचारायचं राहून गेलं." तिने त्याच्या ओल्या बाहीला धरलं. "आता विचारते. तुला राहायचंय का इथे? माझ्याजवळ? नको असेल तर नको म्हण. मी रडेन, आदळआपट करेन, पण तिकीट काढायला मदत करणार नाही. ते तुझं तू काढ."

छत्री कधीच एका बाजूला कलली होती, दोघंही भिजत होते.

"तुझ्यावर प्रेम आहे म्हणून आलो," तो म्हणाला. या वेळी इंग्रजीत नाही, त्याच्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये. "गप्प बसून तुझ्यावर प्रेम करता येत नाही मला. ओरडावं लागतं."

"ओरड की!"

"राहतो," तो म्हणाला. "पण इथे नाही."

"म्हणजे?"

"आयफेलच्या डोंगरात एक म्हातारे डॉक्टर आहेत. मोठ्या जनावरांचे. त्यांना मदतनीस हवाय, मान्यता मिळेपर्यंत तसाही चालेल म्हणाले. मी फोन केला होता. स्वतः. मला निम्मं कळलं नाही, त्यांना निम्मं कळलं नाही, पण सोमवारी बोलावलंय. मी कुनमिंगला नाही म्हणून कळवलं."

"तू... मला न विचारता?" ज्ञानदाचा आवाज पुन्हा टिपेला पोहोचला. "आयफेल? मी ऑफिसला कशी जायची? तिथे धड ट्रेन जात नाही! तिथे माणसं नाहीत, तिथे नुसत्या गायी आहेत, वेनबो!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," वेनबो म्हणाला आणि छत्री सरळ करून तिच्या डोक्यावर धरली.

औषधाच्या दुकानापर्यंत ती त्याच्याशी भांडत गेली, त्याचा हात घट्ट धरून. दुकानात शिरल्यावर मात्र गप्प झाली, मागे उभी राहिली आणि त्याला बोलू दिलं.