चिमणीचा शेवटचा डाव

“केसांचं सगळ्यात कडक ब्लीच आहे? सहा बाटल्या हव्यात.”

माझी कात्री हवेतच थांबली. पार्लरच्या दारात एक उंच तरुण उभा होता. डोक्यावर काळेभोर, दाट, डोळ्यांवर येणारे केस... आणि म्हणे सहा बाटल्या! एवढ्यात तर अख्खी गल्ली पांढरी झाली असती.

“कुणाच्या डोक्याचं वाटोळं करायचंय?” मी विचारलं.

“डोक्याचं नाही हो... कॉम्प्युटरचं.”

खुर्चीतल्या बाईंनी अर्धे केस कापलेले असतानाच मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तो कानापर्यंत लाल झाला. मग एका दमात सांगून मोकळा झाला — पोटापाण्यासाठी तो लिफ्ट दुरुस्त करायचा, पण वेड जुन्या कॉम्प्युटरचं. त्यांचं पांढरं प्लॅस्टिक काही वर्षांनी पिवळं पडतं. त्यावर हे क्रीम फासून उन्हात ठेवलं की पुन्हा पांढरं होतं. फक्त त्याच्या कॉम्प्युटरवर पट्टे उठले होते. त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला आणि मला हसू आवरेना.

“क्रीम वाळलं की पट्टे उठणारच! वर प्लॅस्टिक गुंडाळायचं, मधेमधे उघडून पुन्हा हात फिरवायचा. आम्ही डोक्यावर तेच करतो.”

“उन्हात बसवता लोकांना?”

“तुमच्यासारखं गिऱ्हाईक आलं तर बसवू.”

बाटल्या घ्यायला त्यानं हात पुढे केला आणि मी दचकले. बोटांची टोकं पांढरीफटक पडली होती, कातडी निघायच्या बेतात. क्रीम उघड्या हातांनी लावलं होतं गृहस्थानं! मी रागारागानं त्याचा हात ओढून नळाखाली धरला. आपण एका परक्या माणसाचा हात धरून उभ्या आहोत, हे मला जरा उशिराच कळलं. त्याला ते आधीच कळलं होतं... पण हात सोडवून घेतला नाही. लबाड!

मनातल्या मनात मी त्याचं नाव ‘सहाबाटल्या’ ठेवून टाकलं.

सुट्टीच्या दिवशी, त्यानं दिलेल्या पत्त्यावर, मी त्याच्या गच्चीवर गेले. “पट्टे गेले का बघायला,” असं बाबांना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे नुसतं बघितलं. गच्चीवर बघते तर काय — साबणाच्या पाण्यानं भरलेली बादली आणि त्यात तरंगणारी कीबोर्डची बटणं!

“अहो! कॉम्प्युटर धुताय?”

“मळलेला होता. तुम्ही डोकी धुता, मी बटणं धुतो.”

दोरीवर त्याचे शर्ट आणि शेजारी चाळणीत वाळणारी ए, बी, सी, डी. हसून हसून माझी पुरेवाट झाली. पण सावलीत ठेवलेलं ते जाडजूड धूड बघितलं आणि माझं हसू थांबलं. अगदी असाच कॉम्प्युटर आमच्या घरी होता.

बाबांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. मी लहान असताना त्यांनी माझ्यासाठी एक खेळ बनवला होता. चिमणीनं दाणे टिपायचे आणि मांजराला चुकवायचं. बाबा मला अजूनही चिमे म्हणतात ते त्यावरूनच. शेवटचा डाव मला कधीच जिंकता आला नाही. “शेवटाला तुझ्यासाठी काहीतरी आहे,” असं बाबा म्हणायचे. काय आहे ते कधी सांगितलं नाही. मग कॉम्प्युटर विकला गेला. राहिली ती तो खेळ साठवलेली एक काळी, पातळ, चौकोनी फ्लॉपी. कपाटात साड्यांच्या घडीत मी ती इतकी वर्षं जपली होती.

“तुमच्याकडे आहे ती? अजून?” हे ऐकून सहाबाटल्याचे डोळे चमकले. “मला द्या. मी चालवून दाखवतो. फक्त एक करा — लोहचुंबक जवळ आणू नका. स्पीकर नको, फ्रिजचं दार नको. चुंबक लागला की सगळं पुसलं जातं.”

दुसऱ्या दिवशी तो फ्लॉपी न्यायला आला. मी ती दिली आणि त्याला खुर्चीत बसवलंच. ते डोळ्यांवरचे केस मला बघवत नव्हते. त्यानं फ्लॉपी समोरच्या फळीवर ठेवली आणि आरशातून माझ्याकडे बघायला लागला... बघतच राहिला.

“डोळे मिटा. केस जातील.”

“जाऊ देत.”

माझी कात्री घसरली. कानावरची एक बट जरा जास्तच कापली गेली.

तो पुन्हा आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“फ्लॉपी... कोरी आहे.”

“कोरी म्हणजे?”

“काहीच नाही तिच्यात. पुसली गेलीय. पण मी तर कुठेच... घरी नीट लाकडी पेटीत...”

माझ्या हातातली पिन सुटली. फळीवर पडली आणि टक्कन चिकटली. पिना इकडेतिकडे सांडू नयेत म्हणून तिथे मी चुंबकाची पट्टी बसवली आहे, चांगली जाडजूड. रोजचीच असल्यामुळे माझ्या लक्षातही नसते. आम्ही दोघांनी त्या पट्टीकडे बघितलं, मग एकमेकांकडे.

“तिथेच ठेवली होती,” तो पुटपुटला. “मीच. मी तर जगाला सांगत फिरतो...”

“मग तेव्हा लक्ष कुठे होतं तुमचं?”

त्यानं मान खाली घातली. उत्तर मला माहीत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता. “जा तुम्ही,” मी म्हणाले. तो गेला. मी पार्लरचं दार लावून घेतलं आणि मनसोक्त रडले. शेवटाला माझ्यासाठी काय होतं ते आता कधीच कळणार नव्हतं.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, त्यांना धक्का बसेल. तर ते खो खो हसायला लागले!

“बाबा!”

“अगं चिमे... शेवट नव्हताच गं. मला सुचलाच नाही. तू शेवटच्या डावापर्यंत पोचलीस की मी गुपचूप मांजराचा वेग वाढवायचो. म्हटलं, तोवर काहीतरी सुचेल.”

मी थक्क! माझा जन्मदाता बाप, क्लासमध्ये पोरांना कॉपी करू नका म्हणून सांगणारा, आणि घरात पोटच्या पोरीला असा फसवत होता?

“मग तू मोठी झालीस, खेळणंच सोडलंस,” ते हळूच म्हणाले. “तेव्हा मात्र वाईट वाटलं. पुढ्यात मांजर होतं, पण पळायला चिमणीच नव्हती.” चष्मा पुसत त्यांनी विचारलं, “त्या मुलाला बोलाव ना. खेळ परत लिहू. मला आठवतोय.”

मग दर रविवारी बाबा त्याच्याकडे जायला लागले. मला प्रवेश नाही! परत यायचे ते गाणं गुणगुणत, हाताला साबणाचा वास घेऊन. “मुलगा बरा आहे,” एवढंच सांगायचे. मीही रुसवा किती दिवस धरणार? पार्लरच्या दारात तो रोज संध्याकाळी उभा राहायचा — कानावरची ती बट वाढते आहे का हे दाखवायला. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही आठवत नाही.

शेवटी मला बोलावणं आलं. कॉम्प्युटर पांढराशुभ्र झाला होता, एकही पट्टा नाही. फ्लॉपी आत गेली, खर्र... खट्. पडद्यावर चिमणी आली आणि मी क्षणात लहान झाले.

“मी जरा चहाचं बघतो,” म्हणून बाबा बाहेर सटकले.

शेवटचा डाव. मांजर संशय यावा इतकं सावकाश चालत होतं. चिमणीनं शेवटचा दाणा टिपला, पडदा काळा झाला आणि इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द उमटले —

चिमे, माझ्याशी लग्न करशील? होय असेल तर वाय, नाही असेल तर एन.

तो मागेच उभा होता, पण वळून बघायचं धाडस होईना. मग वाटलं, जरा गंमत करावी. बोट एनकडे नेलं... तर तिथे नुसतं भोक!

“एन कुठाय?”

“धुवायला टाकलंय.”

“एकटंच?”

“फार मळलं होतं...”

त्याची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. मी एकेक बोट उघडलं. आत घामानं ओलं झालेलं ते इवलंसं बटण.

“माझं ‘नाही’ मुठीत लपवून ‘होय’ मिळवायचं?” मी ते न दाबता अलगद जागेवर ठेवलं आणि बोट त्यावर धरलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग असा उडाला, की माझ्या सहा बाटल्यांनाही जमलं नसतं. “आता विचार. तोंडानं.”

“माझ्याशी... करशील?”

त्याच्या डोळ्यांतून नजर न काढता मी वाय दाबलं.

काहीच झालं नाही. पडदा तसाच, चौकोनी ठिपका लुकलुकतोय. मी पुन्हा दाबलं. पुन्हा.

“बिघडला?”

“नाही...” तो माझ्याहून जास्त हादरला होता. “मी... वायच्या पुढे काही लिहिलंच नाही. तू हो म्हणशील असं वाटलंच नव्हतं गं. फक्त एनचं लिहिलंय.”

“काय लिहिलंयस?”

“‘हरकत नाही. केस कापायला तरी येऊ ना?’”

मला हसू आलं आणि रडूही. त्या वेळी सोललेल्या टोकांची ती बोटं मी हातात घट्ट धरली.

“ये,” मी म्हणाले.

दाराबाहेरून बाबांचा आवाज आला, “चहा तीन कप ठेवू, की मी थांबू अजून?”